चिलापीचे श्रीमंत भाऊबंद

जालन्यात दोन माणसे भेटली की रामराम झाल्याबरोबर पाण्याचा विषय निघतो. "तुमच्याकडं कधी आलतं?" असे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने वार सांगायचा. वाराऐवजी तारीख सांगायची पाळी आली की समजावे, उन्हाळा लागला. नळ किती दिवसांनी येतो यावर इथे वसाहतींची प्रत ठरते, आणि सोयरीक बघायला आलेले पाहुणे चहा पिता पिता मागच्या दारी जाऊन हौद किती खोल आहे ते बघून येतात. अशा गावात एखाद्याने दिवाणखान्यात साडेतीनशे लिटर गोडे पाणी काचेत भरून ठेवावे, ते कोणी पिऊ नये, त्यात कोणी धुणे धुऊ नये, आणि त्यात एकट्या एका माशाने ऐसपैस राहावे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सहन होणे कठीण आहे. तेवढ्या जागेत कोणी सोने मांडून ठेवले असते तर लोकांनी समजून घेतले असते. सोने आपण दाखवायलाच करतो. पाणी ही झाकून ठेवायची वस्तू आहे.

तरीही हा शौक जालन्यात आहे आणि मूळ धरून आहे. पूर्वी घरात मासे म्हणजे काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश. ते दोन महिने फिरत, मग एक दिवस फिरायचे थांबत, आणि भांड्यात आई वालाचे बिरडे भिजत घालायला लागे. आताच्या पोरांना तसले मासे चालत नाहीत. त्यांना मासा पंजाएवढा हवा, त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवता आला पाहिजे, आणि पाहुण्याने काचेला बोट लावले की पाहुणा दचकला पाहिजे. म्हणून मग ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल, ग्रीन टेरर, जॅक डेम्प्सी. यातला शेवटचा तर 1919 ते 1926 मुष्टियुद्धाचा जगज्जेता असलेल्या अमेरिकन पैलवानाच्या नावाचा आहे. आमच्या घरात फोनवर ही नावे घेतली जायला लागली तेव्हा आईने मला बाजूला घेऊन विचारले, "पोरगं कोणाच्या संगतीला लागलंय?"

संगत सिक्लिडांची. हे कूळ मोठे आहे. आफ्रिका आणि दक्षिण-मध्य अमेरिका ही त्यांची मुख्य वतने, आणि शास्त्रज्ञांनी नोंदलेल्या जाती सोळाशेच्या वर जातात. कुळाची खूण अशी की घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. पुढच्या जबड्याने धरायचे आणि मागच्याने दळायचे, त्यामुळे पुढचे तोंड पुढच्या घासाला मोकळे. भारताच्या वाट्याला मूळचे सिक्लिड थोडेच आले. गोव्याकडच्या खाडीतला कालुंदर हा त्यातला एक. तोच केरळात गेला की करिमीन होतो, आणि त्याला 2010 साली तिथल्या सरकारने राज्यमासा करून टाकले. मराठवाड्याला या कुळातले जे मिळाले ते म्हणजे चिलापी.

हो, तीच चिलापी. बाजारात टोपलीत सगळ्यात खाली असते, घेणारा "रोहू नाही का?" विचारून मग नाइलाजाने घेतो, ती. कागदोपत्री नाव तिलापिया, मूळ मुक्काम मोझांबिककडचा. 1952 साली ती श्रीलंकेतून भारतात आणली. गरिबाला स्वस्तात मासा मिळावा हा उद्देश होता. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मासा ही तिकीट काढून बघायची गोष्ट आहे हे महाराष्ट्राला समजले. चिलापीला कोणी तिकीट लावले नाही. ती आपली आपण तळ्यातळ्यांत पसरली. उजनीत आहे, पैठणच्या नाथसागरात आहे. यातली मादी अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत अन्नाला शिवत नाही. एवढे कडक व्रत करणाऱ्या बाईला आपण तिखट-मीठ लावून तव्यावर घालतो.

आता ऑस्कर घ्या. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. 1831 साली लुई अगासी नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन लिहिले तेव्हा त्याने याला समुद्रातला मासा समजून भलत्याच जातीत बसवले होते. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडा असलेला काळा डोळा असतो, तो खोटा. मागून चावायला येणाऱ्याला तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते कळू नये म्हणून. तिकडच्या बाजारात ऑस्करलाही खवले काढून विकतात. म्हणजे तिकडची चिलापी तो, आणि इकडची चिलापी कोणी सांगावे, तिकडे ऑस्कर असेल. माशाचा मान तो किती लांबून आला त्यावर ठरतो, हे मी आता जाणून आहे. चिलापी किलोवर विकली जाते आणि ऑस्कर इंचावर.

यातली गंमत अशी की जालन्याच्या नळाला पैठणहून नाथसागराचेच पाणी येते. आमच्या दिवाणखान्यातला हा साहेब ज्या पाण्यात उभा राहून तोंड वाकडे करतो, त्या पाण्यात त्याची चुलत घराणी नांदून गेलेली असतात. त्याला कोणी हे सांगितलेले नाही.

आमच्या घरात हे कूळ शिरले ते पुतण्यामुळे. संभाजीनगरहून येताना एस.टी.त मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून त्याने दोन इंचाचे काळे-नारिंगी पिल्लू आणले. दुकानदाराने त्याला सांगितले होते, "टँक जेवढा, तेवढाच हा वाढतो." मासे विकणाऱ्या दुकानांतून हे वाक्य पिशवीसोबत फुकट मिळते. ते साफ खोटे आहे. लहान टँकमध्ये मासा मापात राहत नाही, खुरटतो, पाठीत वाकतो आणि मग मरतो. मेल्यावर अर्थातच वाढत नाही, तेवढ्यापुरते दुकानदाराचे खरे. नीट ठेवलेला ऑस्कर पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतो, फूटभर होतो आणि दहा-बारा वर्षे सहज जगतो. म्हणजे अकरावीतल्या पोराने आणलेला ऑस्कर त्या पोराच्या लग्नाच्या यादीवर बसू शकतो. मधल्या काळात पोरगा शिकायला पुण्याला जातो. मासा जात नाही.

तसेच झाले. पुतण्या पुण्यात आणि मासा आमच्यात. आता तो व्हिडिओ कॉल करतो तेव्हा फोन आधी टँकसमोर धरावा लागतो. "काका, खाल्लं का त्यानं?" असे तो विचारतो. त्याच्या आजीचे गुडघे, माझी शुगर, हे विषय नेटवर्क टिकले तर निघतात.

पुण्याला जायच्या आधी त्याने चार फुटी टँकचा हट्ट धरला होता. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच: बारा घनफूट, म्हणजे 340 लिटर. पाण्याचेच वजन 340 किलो, वर जाड काच आणि खालचे दगड. जालन्यात एवढे किलो कोणी बोलत नाही, चार क्विंटल म्हणतात. मोंढ्यातल्या हिशोबाने सांगितले की घरातल्यांना लगेच कळते, आणि लगेच सगळे फरशीकडे बघतात. सुदैवाने हे सळईचे गाव आहे. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल गावाभोवती उभ्या आहेत, आणि पातळ लोखंड वापरणे इथल्या वेल्डरला कमीपणाचे वाटते. मी स्टँड सांगायला गेलो.

"लोड किती?" त्याने विचारले.

"चार क्विंटल."

"व्हायब्रेशन हाय का?"

"कशाचं?"

"मशीनचं."

"मशीन नाही, मासा आहे."

त्याने चष्मा वर केला, माझ्याकडे नीट बघितले आणि शांतपणे दोन अँगल जास्तीचे कापले. त्या स्टँडवर आज मासा आहे, उद्या हवे तर डिझेल जनरेटर ठेवता येईल.

टँक आला की टीव्ही हलतो. टीव्ही हलला की सोफा फिरतो. सोफा फिरला की आल्यागेल्याचे तोंड माशाकडे होते, आणि आपले घर कसे आहे हे पाहुण्यांना कळायच्या आत माशाचे कसे आहे ते कळते. खाली थर्माकोल, मागे निळा पडदा, वर फिल्टर, बाजूला एअर पंप. पंपाची घरघर पहिले आठ दिवस झोपू देत नाही. नंतर ती थांबली तर झोप मोडते.

पण खरा तमाशा पाण्याचा आहे. पाणी भरले आणि मासा सोडला एवढ्यावर भागत नाही. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेले अन्न कुजून त्यात भर घालते. फिल्टरच्या स्पंजात राहायला आलेले जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. ही वसाहत बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि ती बसेपर्यंत मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो. पाणी दिसायला नितळ, पिण्याच्या लायकीचे, आणि आत मरण. उलट जुने, किंचित पिवळट झालेले पाणी माशाला मानवते. हे घरातल्या कर्त्या बाईला पटवणे मला आजवर जमलेले नाही. दिवाळीच्या सफाईत तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज तिच्या नजरेस पडला की ती तो नळाखाली धरून, साबण लावून, चोळून, उन्हात वाळत घालते. नळाच्या क्लोरीनने अर्धी वसाहत जाते, साबणाने उरलेली, आणि मासा पाडव्याला कोपऱ्यात तोंड घालून बसतो. घर मात्र लखलखीत असते.

शेवटी जे नायट्रेट साचते ते काढायला दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलावे लागते. चार क्विंटलवाल्या टँकचा पाव म्हणजे पाऊणशे-शंभर लिटर. शंभर लिटर, जालन्यात, माशासाठी. 2012-13 सालच्या दुष्काळात या जिल्ह्याचे नाव देशभरच्या पेपरांत पाण्यापायी आले होते. टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणारी माणसे आम्ही आमच्याच गल्लीत बघितलेली आहेत. त्यानंतर आठवड्याला शंभर लिटर पाणी मोरीत सोडायची हिंमत या गावात कोणी करणार नाही. आमच्याकडे तर नळ आठवड्याने येईलच असेही नसते. येतो तेव्हा आधी हौद, मग वरची टाकी, मग बॅरल, मग घागरी-कळश्या, मग ज्यांची नावे बारशानंतर कोणी घेतलेली नाहीत अशी सगळी पातेली, आणि सगळ्यांत शेवटी मासा. रांगेत शेवटचा असूनही त्याची रोज वरून खाली आमच्यावर नजर असते.

या पेचातून सुटका आईने केली. पहिल्यांदा पाणी काढले तेव्हा ती पदर खोचून आली आणि बादलीत वाकून बघितले. "हे सांडू नका," एवढेच म्हणाली आणि बादली परसात नेऊन मोसंबीच्या बुडाशी ओतली. अंबड-घनसावंगीकडून आणलेले ते कलम तीन पावसाळे नुसते उभे होते. माशाच्या पाण्यातले नायट्रेट म्हणजे झाडाच्या दृष्टीने आयते खत. झाड असे फुटले की परसात वाकून जावे लागते. आता आठवडा उलटला आणि मी विसरलो की आईच आठवण करते, "आज त्याचं पाणी काढायचं नाही का?" माशाशी तिचे काही देणेघेणे नाही. तिच्या लेखी तो मोसंबीचा नोकर आहे.

पाणी काढणे सोपे, घालणे अवघड. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा अंश असतो, तो माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही. मग पाणी एक रात्र उघडे ठेवून त्यात हवा सोडायची, नाहीतर हायपोचे खडे टाकायचे. हायपो म्हणजे पूर्वी फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत असायचा तोच. गावातल्या एका निवृत्त फोटोग्राफरकडे त्याचा डबा सापडला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माशाचा पासपोर्ट फोटो काढून देऊ केला. आणि नळ आलाच नाही तर बोअर. आमची जमीन काळ्या पाषाणाची, बोअरचे पाणी जड. त्याने गिझरच्या कॉइलवर खडक चढतो आणि टँकच्या काचेवर पांढरी रेघ उमटते. इथे कुळातला भेद कळतो. ॲमेझॉनचा ऑस्कर मूळचा हलक्या पाण्यातला, पण जुळवून घेतो. मध्य अमेरिकेतल्या भावंडांना मात्र जड पाणीच लागते. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्या पाण्यात रेड डेव्हिल बाळसे धरतो. जालन्याच्या बोअरचे एवढे कौतुक जगात दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

खाण्याची गोष्ट वेगळी. आमचे घर माळकरी. कांदा-लसूण चातुर्मासात बंद, अंडे उंबऱ्याच्या बाहेर. आणि दिवाणखान्यात हा, ज्याला कोलंबी हवी, गांडूळ हवे, पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली पडलेले किडे हवेत. दाण्यांचा डबा आहे, पण त्यावर बारीक अक्षरांत 'फिश मील' लिहिलेले आहे. ते बारीक अक्षर आईला दिसत नाही आणि आम्ही वाचून दाखवत नाही. तिने एकदाच विचारले, "हा दशमी खाईल का?" खाल्ली असती, हा तर चमचाही खायला धावतो. भाकरीने त्याचे पोट फुगते म्हणून देत नाही. मात्र अशा माशांना अधूनमधून एक दिवस उपाशी ठेवणे चांगले, पोट साफ राहते, असे जाणते लोक सांगतात. हे कळल्यावर आईने दिवस ठरवून टाकला. महिन्यातून दोनदा, शुद्ध आणि वद्य एकादशीला, आमचा ऑस्कर निर्जळी नसला तरी निराहार असतो. द्वादशीला सकाळी तो ज्या नजरेने डब्याकडे बघतो ती मी फक्त पंगतीत बघितली आहे.

स्वभाव. हे मासे माणूस ओळखतात, आणि ओळखूनही बोलत नाहीत. मालक आला की काचेपाशी येऊन शेपूट हलवतात, डबा नसेल तर पाठ फिरवतात. जागा बदलली, पाणी जास्त बदलले, किंवा नुसतेच मनाविरुद्ध काही झाले की ऑस्कर तळाला आडवा पडतो. पहिल्या खेपेला आम्ही तो गेला असे समजून घाबरलो. शेजारच्या काकांनी तर टोपी काढली. संध्याकाळी दाणे पडले तसा उठला. टँकमध्ये शोभेला लावलेली झाडे त्याने पहिल्याच रात्री उपटून वर तरंगत ठेवली, दगड तोंडात धरून इकडचे तिकडे केले, हिटरला धडका दिल्या. आपली हद्द कुठपर्यंत हे तो रोज तपासतो आणि रोज बोटभर पुढे सरकवतो. आमच्याकडे बांध कोरणारा भाऊबंद असतो ना, दर पेरणीला एक तास आत घेणारा, अगदी तसे. फक्त हा मोजणीला नोटीस काढत नाही.

फ्लॉवरहॉर्नबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण तो पाळणारे लोक वेगळे असतात. ऑस्कर पोरे पाळतात, फ्लॉवरहॉर्न पैसा पाळतो. हा मासा कोणत्याही नदीत सापडत नाही. 1990 च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचा संकर करून तो बनवला. डोक्यावर मोठे टेंगूळ, अंगावर काळ्या ठिपक्यांची ओळ. टेंगूळ जितके मोठे तितके भाग्य थोर, आणि ठिपक्यांत चिनी अक्षरे उमटतात, असे मानणारे लोक तिकडे आहेत. इकडे ते ज्ञान वास्तूबरोबर आले. नव्या जालन्यातल्या एका आडत दुकानात गल्ल्याच्या शेजारी, ईशान्येला, असा एक आहे. मालकांना त्याच्या अंगावर ॐ दिसतो. मुनीमजींना सात आणि नऊ दिसतात. मला ठिपके दिसले, पण मी उधारीवर आलो होतो म्हणून ॐ म्हणालो.

त्या दुकानात बसलेल्या एका शेतकऱ्याला मालक फ्लॉवरहॉर्नची थोरवी सांगत होते. बाहेरगावी हे सांगायला अर्धा तास लागला असता. पण जालना बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथेच महिको काढली, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून संकर म्हणजे काय हे इथे बांधावरच्या पोरालाही शिकवावे लागत नाही. शेतकऱ्याने टेंगळाकडे बघून एकच विचारले, "म्हंजी हायब्रीड. मग याचं बी धरता येत नसंल." मालक गप्प झाले. प्रश्न अचूक होता. फ्लॉवरहॉर्नचे नर पुष्कळदा वांझ निघतात, आणि पिल्ले झालीच तर शेकड्यांतून मोजक्यांना बापाचे टेंगूळ येते. बाकीची साधी, राखाडी, भाग्यहीन. दर हंगामाला नवी पिशवी घ्यायची. शेतकऱ्याने मान हलवली आणि मासा सोडून सोयाबीनचा भाव विचारला.

मे महिना हा या शौकाची परीक्षा. बाहेर पारा 42 वर, टँकचे पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर येऊन तोंडे उघडी करतात. त्याच घटकेला लाईट जाते, पंप थांबतो. इन्व्हर्टरवर एकच सॉकेट आणि उमेदवार दोन: आमचा पंखा आणि त्याचा पंप. निकाल दर वेळी एकच लागतो, कारण पुण्याहून फोन येतो. पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या, वरून टेबलफॅन लावायचा म्हणजे पाणी उडून जाता जाता थंड होते. घरात कूलर आहे, पण कूलरचा पंप आणि टँकचा पंप एकाच जातीचे, हे आमच्या चिरंजिवांनी शोधून काढल्यापासून मे महिन्यात कोणाचा पंप कोणाकडे आहे ते तपासावे लागते. एकदा दुपारी कूलरमधून शेवाळाचा वास आला तेव्हा प्रकरण उघडकीला आले. हिवाळ्यात याच्या उलट. डिसेंबरच्या पहाटे मासा हिटर लावून 26 अंशांत झोपलेला असतो, आणि गिझरवर खडक चढलेला असल्याने मी काकडत थंड पाण्याने आंघोळ करून त्याच्यासमोर टॉवेलवर उभा असतो.

"एकटा आहे, कंटाळतो," म्हणून पुतण्याने मागच्या सुट्टीत दुसरा ऑस्कर आणला. टँक आता दोघांना जेमतेम. "दोघंबी नर हायेत, टेन्शन नाही," असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते. ऑस्करमध्ये नर आणि मादी वरून बघून भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. महिनाभर दोघांनी एकमेकांची तोंडे धरून कुस्त्या केल्या, मग एक सपाट दगड दोघांनी मिळून घासून लख्ख केला, आणि एका सकाळी त्यावर अंडी होती. एक ऑस्कर एका वेळेला हजारावर अंडी घालतो. घालते. नवरा-बायको आळीपाळीने पहारा करत होते, परांनी वारा घालत होते, आणि मी काच पुसायला हात घातला तर नराने, जो नर आहे असे आता वाटते तो, बोटाला कडकडून हिसका दिला. तीन दिवसांत पिल्ले फुटली. आईने बादली आणली, बघितले आणि मोसंबीचे दुसरे कलम लावायला सांगितले.

आता ती पिल्ले बोटाच्या पेराएवढी झाली आहेत आणि आमच्याकडे बादल्या उरलेल्या नाहीत. गल्लीतले लोक सुचवतात, सोडून द्या मोती तलावात, सोडा घाणेवाडीला, पुण्य लागेल. लागणार नाही. परक्या माशाला आपले तळे दिले की तो तळ्यातल्या जुन्या माशांची अंडी खातो आणि आपण खायचे मासे संपवतो. चिलापी याच वाटेने आली, आणि शोभेच्या टँकमधून सुटलेला सकर मासा उजनीच्या कोळ्यांची जाळी आज फाडतो आहे. तेव्हा ज्यांच्याकडे चार फुटी टँक आहे, इन्व्हर्टर आहे आणि पुढची दहा वर्षे पुण्याला जायचा विचार नाही, अशांनी पिल्ले न्यावीत. पैसे नकोत. भांडे घरून आणावे, आणि येताना त्यात पाणीही भरून आणावे. ते आमच्याकडून मिळणार नाही.